पद्मिनी बारा वर्षांनी उठवतोय: आधी ब्रेक, मग इंजिन

अजिंक्यतारा (सातारा), ११ जानेवारी

मंडळी, नमस्कार.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८३ ची. वडिलांनी पैसे भरून नंबर लावला आणि मग गाडीची वाट बघत बसले, तेव्हा सगळ्यांचीच तशी गत होती. ते गेल्यापासून बारा वर्षं ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. चारी टायर बसलेत, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय, पण पत्रा अजून खणखणीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाने-पक्कड हातात धरायला वडिलांनीच शिकवलं, म्हणून हे काम घरीच करायचं ठरवलंय.

गल्लीतला प्रत्येक जण एकच विचारतो, "चालू झाली का?" मी सगळ्यांना सांगतो की चालू शेवटी करणार, आधी थांबायला शिकवणार. या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि माझ्या गाडीत ऑइलची लाइन एकच. म्हणजे एका चाकाशी गळती झाली की चारी चाकांचा ब्रेक गेला. आमच्याकडे घरातून निघून कुठेही जायचं म्हटलं तरी चढ-उतार आहे.

काल बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघितली. तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ आणि वर तेलाचा तवंग. पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट. जुन्या जाणत्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

लेथवाला (कोल्हापूर), ११ जानेवारी

सर, पहिलं म्हणजे ते पेडल आता दाबू नका. बारा वर्षं उभी गाडी. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की चारी चाकांकडे ऑइल ढकलणारा सिलिंडर. त्याचा पिस्टन रोज जेवढा पुढे जायचा तेवढा भाग गुळगुळीत, त्याच्या पुढे गंज. जोर लावून पेडल तळाला नेलं की पिस्टनचा रबरी कप त्या गंजावरून घासत जातो आणि फाटतो. मग "कालपर्यंत तर लागत होता" म्हणत गाडी आमच्याकडे येते.

दुसरं, तो तवंग मला आवडला नाही. डबीतलं चमचाभर काढा आणि पाण्याच्या ग्लासात टाका. खरं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ढवळलं की पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं खनिज तेल पडलेलं असेल तर वर तरंगेल. तरंगलं तर मला लगेच कळवा, कारण मग कामाची व्याप्तीच बदलते.

अजिंक्यतारा, १२ जानेवारी

तरंगलं. हा प्रयोग आठवीच्या वर्गात दाखवण्यासारखा आहे. ग्लासात खाली पिवळट पाणी आणि वर स्पष्ट तेलाची चकती. कुणीतरी कधीतरी डबी भरताना हाताला आलं ते ओतलेलं दिसतंय. गाडी वडिलांच्या शेवटच्या वर्षांत दोन-तीन ठिकाणी दाखवली होती, त्यामुळे कुणी ते सांगता येणार नाही.

लेथवाला, १२ जानेवारी

मग मन घट्ट करा. या सिस्टिममधलं रबर म्हणून जे जे आहे ते सगळं काढायचं. मास्टर सिलिंडरचं किट, चारी चाकांच्या सिलिंडरचे कप आणि धूळबूट, तिन्ही होज म्हणजे रबरी नळ्या. पुढच्या दोन चाकांचे दोन आणि बॉडीवरून मागच्या एक्सलला जाणारा एक. ग्लायकॉलसाठीचं रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. तुमचं पेडल घट्ट लागतंय ते त्यामुळेच असावं, कप फुगून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, आवळून बसलेत. एखादा कप वरून चांगला दिसेल, मोह होईल, ठेवू नका.

स्टीलच्या पाइपांतून आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हवेने फुंका, दोन-तीन वेळा, पांढऱ्या फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत. पेट्रोल किंवा रॉकेलने धुवायचं नाही, तेही खनिजच. नवे कप बसवताना ताजं ब्रेक ऑइल लावा, नाहीतर रबरसाठी मिळतं ते लाल ग्रीस. साधं ग्रीस बोटाला लागलेलं असलं तरी हात धुवून या.

काळीपिवळी (मुंबई), १३ जानेवारी

सर, धागा वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती. आमचं घर तिच्यावर चाललं, माझी फी तिच्यावर भरली. ज्या दिवशी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. शेवटची नोंदलेली टॅक्सी २००३ ची, ताडदेव आरटीओची. इथेच कुर्ल्याला बनली आणि याच रस्त्यांवर संपली.

वडिलांचा नियम सांगतो. दर पावसाळ्याआधी चारी ड्रम उघडायचे, धूळबूट उचलून आत बघायचं. बूट ओला दिसला की किट बदलायचं, ऑइल चाकावर उतरायची वाट बघायची नाही. त्यांना डॉट-३ वगैरे ब्रेक ऑइलचे दर्जे माहीत नव्हते, पण डब्याचं सील आपल्यासमोर फोडलेलं असलं पाहिजे हा हट्ट होता. उघडा पडलेला डबा ते घेत नसत.

आणि एक काळजीची गोष्ट. ड्रम उघडल्यावर आत जी काळी धूळ असते तिला फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. आमच्या गॅरेजमध्ये सगळे तोंडाने फुंकायचे, कुणी सांगणारं नव्हतं. ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा.

निळी डिलाइट (नाशिक), १३ जानेवारी

काळीपिवळी, तुमच्या वडिलांचा तो हट्ट अगदी शास्त्राला धरून होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट-३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १४० आहे. डॉट-४ ला २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक धरून उतरलं की ड्रम तापतो, उष्णता सिलिंडरपर्यंत येते, ओल्या ऑइलची वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. माझ्या सासऱ्यांची गाडी अशीच एकदा कसारा घाटात कठड्याला घासून थांबली होती. तेव्हापासून मी दर दोन वर्षांनी ऑइल बदलते, गाडी चालो न चालो.

माझी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. तुमच्या पद्मिनीची थोरली बहीण, इंजिन तेच १०८९ सीसीचं. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. पाच वर्षांपूर्वी मीच घरी उघडली, तेव्हा माझ्या हाताला पाना धरायचीही सवय नव्हती. एक सांगते, काढलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो आणि प्रत्येक चाकाची वेगळी परात. डावे-उजवे स्प्रिंग एकदा मिसळले की दिवस जातो. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्यायची.

जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. गाडीला खालून टेकू द्यायच्या चांगल्या लोखंडी घोड्या घ्या, खाली सपाट फरशी किंवा जाड फळी घाला.

अजिंक्यतारा, २ फेब्रुवारी

तीन आठवड्यांचा अहवाल.

चारी ड्रम निघाले. मागचा उजवा निघता निघेना, दोन दिवस गंजतेल सोडून, लाकडाच्या हातोडीने गोल ठोकत काढला. अॅडजस्टर आतून आवळलेला होता, तो सैल केल्यावर आला. ही गोष्ट आधी करायला हवी होती.

सिलिंडरांची अवस्था अशी: मागचे दोन बोअर घासून साफ झाले. पुढचे मात्र आतून खड्डे पडलेले, नख फिरवलं की अडकतं. मास्टर सिलिंडरच्या बोअरमध्ये, लेथवाले म्हणाले होते अगदी तसाच, पुढच्या टोकाला गंजाचा पट्टा. कप काढले तर मूळ मापापेक्षा जाड, बोटात दाबल्यावर चिकट.

पुढचे सिलिंडर पुण्याला नाना पेठेत नवे मिळाले. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारांनी कपाट उघडून जुन्या साठ्यातलं किटही दाखवलं. छान पॅकिंग, पण त्यांनीच दिलं नाही. म्हणाले, "मास्तर, रबर कपाटातसुद्धा म्हातारं होतं, ताजं घ्या." त्यांच्या या एका वाक्यासाठी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन.

मास्टर सिलिंडर नवा घ्यावा की हाच दुरुस्त करावा? हा मूळचा आहे, वडिलांच्या हातचा. जीव अडकलाय.

लेथवाला, २ फेब्रुवारी

पाठवून द्या कोल्हापूरला. बोअर मोठा करून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवू आणि आतून घासून मूळ मापाला होन करू. उद्यमनगरात हे काम आमच्या वडिलांच्या काळापासून चालतं, ऑइल इंजिन बनवणाऱ्या गावाला बोअर-स्लीव्ह नवीन नाही. आजवर माझ्या हातच्या स्लीव्हमधून गळती झालेली मला कुणी आणून दाखवलेली नाही.

फक्त एक बारकावा. या सिलिंडरला डबीकडे जाणारी दोन भोकं असतात, त्यातलं एक फार बारीक, सुईएवढं. स्लीव्ह बसवल्यावर ते भोक पुन्हा अचूक त्याच जागी पाडावं लागतं आणि आतली कड मऊ करावी लागते, नाहीतर नवा कप तिथेच कापला जातो. हे काम मी स्वतः करतो, पोरांकडे देत नाही.

पाइपांचं काय ठरवलं?

अजिंक्यतारा, ३ फेब्रुवारी

पार्सल आजच टाकतो. मागच्या एक्सलवरचा पाइप पाट्याच्या क्लिपखाली गंजून पातळ झालाय, तो नक्की बदलणार. इथल्या एका फ्रिज दुरुस्तीवाल्याने तांब्याची नळी वाकवून देतो म्हटलंय.

लेथवाला, ३ फेब्रुवारी

नको! तांब्याची फ्रिजची नळी ब्रेकला चालत नाही. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरपाशी, म्हणजे पाइपच्या पसरवलेल्या टोकापाशी, चिरतं. ब्रेकचा स्टील पाइप घ्या किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा, ४.७५ मिलिमीटरचा. टोकाला डबल फ्लेअर पाहिजे. एकेरी फ्लेअर दाबाखाली फाटतो.

हिरवं तेल (ल्यों, फ्रान्स), ५ फेब्रुवारी

मूळचा सांगलीचा, इथे नोकरीला. माझ्याकडे १९७१ ची सित्रोएन डीएस आहे. तेलाची चर्चा वाचून हात शिवशिवले.

या गाडीत इंजिनवर चालणारा एक पंप सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअर बदलणं या सगळ्यांना दाब पुरवतो. स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेले गोल. सकाळी इंजिन चालू केलं की बसलेल्या म्हशीसारखी आधी मागून, मग पुढून उठते. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पहिल्याच दिवशी बारा हजार मागण्या नोंदवल्या गेल्या.

सांगायचं कारण असं की सुरुवातीच्या डीएसमध्ये जे तेल होतं ते पाणी ओढायचं आणि आतून गंज चढवायचं. १९६६ मध्ये सित्रोएनने ते सोडून हिरवं खनिज तेल आणलं, एलएचएम, आणि त्यासाठी सगळं रबर बदललं. नव्या गाड्यांच्या हायड्रॉलिक भागांना हिरवा रंग देऊ लागले, म्हणजे मेकॅनिकने चूक करू नये. माझ्या गाडीत तुमचं ब्रेक ऑइल ओतलं तर तिचं रबर मरतं, तुमच्या गाडीत माझं तेल ओतलं तर तुमचं. मी डबीच्या झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "फक्त हिरवं". इथले मेकॅनिक विचारतात काय लिहिलंय, मी समजावून सांगतो. तुम्हीही डबीवर लिहून ठेवा. आपण नसताना गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात जातेच.

अजिंक्यतारा, ५ फेब्रुवारी

आजच लिहिलं. "फक्त ब्रेक ऑइल, डॉट-३". मुलीने तिच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं.

अजिंक्यतारा, २ मार्च

मंडळी, अडकलोय. मदत हवी.

सगळं नवं बसलं. मास्टर सिलिंडर कोल्हापूरहून आरशासारखा होऊन आला. हवा काढली, मास्टरपासून सर्वात लांब चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मुलगी पेडलवर, मी खाली, चाकाच्या सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला नळी लावून बाटलीत. पेडल उत्तम, वर आणि कडक. चाकं हाताने मोकळी फिरत होती.

मग गाडी अंगणात ढकलत मागे-पुढे केली, दर वेळी ब्रेक दाबून. सात-आठ वेळा दाबल्यावर गाडी ढकलवेना. चारी चाकं घासायला लागली, पुढचं डावं सर्वात जास्त. रात्रभर ठेवल्यावर तीन चाकं सुटली, पुढचं डावं सुटलं नाही. काल सुट्टीचा अख्खा दिवस गेला, काही कळेना. अॅडजस्टर सैल करून बघितले, फरक नाही.

निळी डिलाइट, २ मार्च

अंदाज करत बसू नका, दाब कुठे अडकलाय ते गाडीलाच विचारा. चाकं घासत असताना मास्टर सिलिंडरपाशी निघणाऱ्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा, खाली फडकं धरा, ब्रेक ऑइल रंग खातं. तिथून ऑइल उडालं आणि चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये किंवा पेडलमध्ये. नाही सुटलं तर त्या चाकाचा निपल उघडा. निपल उघडल्यावर सुटलं तर दाब मधल्या होजमध्ये कोंडलाय. त्यानेही सुटलं नाही तर ऑइलचा संबंधच नाही, आत स्प्रिंग किंवा ब्रेक शू अडकलाय.

अजिंक्यतारा, ३ मार्च

शाळेतून आल्या आल्या केलं. मास्टरपाशी नट सैल करताच फस्सकन ऑइल आलं आणि तीन चाकं एकदम मोकळी! पुढचं डावं तसंच. मग त्याचा निपल उघडला, तेही सुटलं. म्हणजे दोष दोन?

लेथवाला, ३ मार्च

दोन. पहिला सांगतो. पेडल आणि मास्टरच्या पिस्टनमधली दांडी तपासा. पेडल सोडल्यावर दांडी आणि पिस्टनमध्ये जरा तरी मोकळी जागा पाहिजे, मिलिमीटरभर. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते सुईएवढं भोक कपाने झाकलेलं राहतं. ऑइल चाकाकडे जातं, डबीत परत येऊ शकत नाही. प्रत्येक दाबाला थोडं थोडं कोंडत जातं. मी भोक पाडलं तेव्हा तार घालून तपासलं होतं, तरी माझी चूक असेल तर सिलिंडर परत पाठवा, येण्या-जाण्याचा खर्च माझा.

दुसऱ्यासाठी विचारतो, पुढचा डावा होज नवा घातला का?

अजिंक्यतारा, ३ मार्च

नाही. तो एक ठेवला होता. वडिलांनी शेवटी शेवटी बदलून घेतलेला होता, वरून एक चीर नव्हती, छापील अक्षरंसुद्धा वाचता येत होती. तुम्ही ठेवू नका म्हणून सांगितलं होतं.

लेथवाला, ३ मार्च

कापा आणि आतून बघा.

अजिंक्यतारा, ८ मार्च

कापला. बाहेरून नवा होज आतून सुजून जवळजवळ मिटलेला, मधलं भोक दाभणाच्या टोकाएवढं. पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जायचं, पण परत यायला ब्रेक शूच्या स्प्रिंगांचा जोर पुरत नव्हता. उभा चिरलेला तुकडा मी शाळेत नेला, मुलांनी हातात घेऊन बघितला.

दांडीचंही तेच निघालं. सिलिंडर परत बसवताना मधली जुनी वॉशर मी दुसरीकडे लावली होती, त्यामुळे दांडी पुढे आली होती. वॉशर जागेवर गेली, पेडलला हाताने दाबल्यावर बारीकसा मोकळा खेळ लागतो. लेथवाले, तुमच्या भोकात काही दोष नव्हता. काल तीस वेळा ब्रेक दाबून गाडी ढकलली, माझी पोरं आणि शेजारचे दोघे. चारी चाकं मोकळी.

काळीपिवळी, ८ मार्च

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता इंजिनला हात लावायला हरकत नाही."

अजिंक्यतारा, ३० मार्च

इंजिनचं थोडक्यात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून आठवडाभर ठेवलं, मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हळूहळू हाताने फिरवलं. फिरलं. पेट्रोलची टाकी काढून धुतली, आतलं पेट्रोल वार्निशसारखं झालं होतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे, एसएई जे-३० आर-९ लिहिलेले. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. पॉइंट, कंडेन्सर, प्लगच्या तारा नव्या. रेडिएटरमधून दोन बादल्या गंजपाणी निघालं.

गिअरची दांडी स्टिअरिंगवर असल्यामुळे तिचे बुश झिजून पहिला आणि रिव्हर्स यांच्यात घोटाळा होत होता. नायलॉनचे बुश कापून घेतले, आता चारी गिअर आपापल्या घरात पडतात.

गुढीपाडव्याला, म्हणजे आज सकाळी, चालू केली. आईने हळद-कुंकू लावलं, मी सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी पकडली. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, काही बोलली नाही. तो आवाज बारा वर्षांनी या अंगणात आला.

काळीपिवळी, ३० मार्च

सर, उन्हाळा आलाय. गाडी गरम होऊन बंद पडली आणि पुन्हा लागली नाही तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला आहे, त्यात पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं. वडिलांच्या गाडीत दरवाज्याच्या खिशात ते फडकं कायम असायचं.

निळी डिलाइट, ३१ मार्च

अभिनंदन! कागदपत्रांचं लगेच बघा. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीलाच मिळते, माझ्या डिलाइटला म्हणून व्हीए अक्षरांचा नंबर मिळाला. पण ती रोजच्या वापरासाठी नसते. तुमच्या १९८३ च्या गाडीला नेहमीचंच पुनर्नोंदणीचं काम करावं लागेल, त्यात तपासणी आहेच. ब्रेकचं काम केलंत ते तिथेही उपयोगी पडेल.

अजिंक्यतारा, १८ मे

तपासणी झाली, कागद हातात आले. साहेबांनी ब्रेक लावून बघितला आणि विचारलं काम कुठे केलं. घरी म्हटलं.

आज पहाटे पहिल्यांदा घाट. यवतेश्वरच्या रस्त्याने वर, कासच्या अलीकडून परत. आधी दोन आठवडे सपाटीवर चालवली होती, दर फेरीनंतर चारी ड्रमजवळ हात नेऊन कुठला जास्त तापलाय का बघत होतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, ब्रेक लांब धरून न ठेवता थोडा दाबून सोडत आलो. वळणावळणाला पेडल त्याच उंचीवर. खाली येऊन थांबलो, चाकं बघितली, डबी बघितली, ऑइलची पातळी खुणेवर.

आई मागे बसली होती. म्हणाली, "तुझे बाबा या वळणावर नेहमी हॉर्न द्यायचे." हॉर्न अजून दुरुस्त केलेला नाही. वायरिंग कुठून तुटलंय ते शोधतोय, फ्यूज ठीक आहे. कुणी पद्मिनीच्या हॉर्नच्या स्लिप रिंगचं, म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी बटणाचा संपर्क टिकवणाऱ्या कडीचं, काम केलंय का?

लेथवाला, १८ मे

स्टिअरिंगचं मधलं बटण काढून फोटो टाका सर. बघू.